फळमाश्यांची भाऊबंदकी: एकाच पेरूवर तीन जाती नांदतात कशा?

बागेचा_राखणदार
१४ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

हापूसचा हंगाम आटोपला, पेट्या गेल्या, आता जरा टेकायला वेळ मिळतोय. दोन वर्षं मनात घोळत असलेला विषय आज मांडतो. बागवाल्यांना उपयोग होईल, बाकीच्यांनाही गोडी लागेल असं वाटतं.

आमची कलमं देवगड तालुक्यात, कातळावर. घरामागे मातीचा पट्टा आहे, तिथे पेरू, चिकू, दोन जांभळं आणि पावसात मांडवावर दोडकी-पडवळ-काकडी. फळमाशीसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा वर्षानुवर्षं वापरतोय. आत मिथाइल युजेनॉलचा बोळा, वासाने नर आत येतात आणि मरतात. ठरावीक दिवसांनी सापळा उपडा करायचा, मेलेल्या माश्या टाकायच्या, बोळा बदलायचा. "लागली का माशी?" "लागली." यापलीकडे कोणी बघत नाही. मीही बघत नव्हतो.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझी भाची सुट्टीला आली होती. अकरावीत होती. मी सापळा झटकायला निघालो तर म्हणाली, "मामा, थांब, मला दे." पडवीत वर्तमानपत्र पसरलं, त्यावर सगळ्या माश्या ओतल्या आणि भिंग घेऊन बसली. अर्ध्या तासाने हाक मारली, "मामा, ह्या सगळ्या सारख्या नाहीत."

खरंच नव्हत्या. तिने तीन ढीग केले होते.

पहिला ढीग सगळ्यात मोठा. काळपट पाठ, दोन्ही कडांना पिवळ्या पट्ट्या, पोटावर काळा टी अक्षरासारखा डाग आणि पंखाच्या पुढच्या कडेला टोकापर्यंत न तुटलेली बारीक काळी रेघ. ही बॅक्ट्रोसेरा डोरसॅलिस, आंब्यावरची म्हणून आपण जिला ओळखतो ती. दुसऱ्या ढिगातली जरा लहान, अंगाने विटकरी, पंखावरची रेघ मधेच तुटलेली, टोकाला फक्त एक ठिपका, तोंडावर दोन गोल काळे ठिपके. ही बॅक्ट्रोसेरा झोनाटा. तिसरीच्याही पंखाच्या टोकाला ठिपकाच, पण पाठ काळी आणि तोंडावरचे ठिपके आडवे ताणलेले, जवळजवळ एकमेकांना भिडणारे. ती बॅक्ट्रोसेरा करेक्टा, पेरूवर फार सापडते. एवढं सगळं दीड-दोन तांदळांएवढ्या अंगावर! भिंग नसेल तर तिन्ही म्हणजे नुसती "माशी".

तेव्हापासून मला एक प्रश्न सोडत नाही. तिघी एकाच कुळातल्या, सख्ख्या बहिणी म्हणाव्यात अशा. तिघींना एकच वास ओढतो. तिघी फळाच्या सालीखाली अंडी घालतात, अळ्या गर खातात, मोठ्या झाल्या की बाहेर पडून मातीत कोष करतात. खाणं एक, घर एक, वाट एक. कॉलेजात शिकलो होतो की दोन जातींची गरज तंतोतंत सारखी असेल तर एकीला जावंच लागतं. मग ह्या तिघी माझ्या परड्यात कशा?

गेल्या वर्षी पावसाळ्यात मी एक साधा उद्योग केला. गळालेले पेरू वेगवेगळ्या डब्यांत ठेवले, एका डब्यात एकच. खाली चाळलेली कोरडी वाळू, वर मलमल बांधलेली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अळ्या बाहेर यायला लागल्या. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी एकदा जरूर पाहावं: पूर्ण वाढलेली अळी सरपटत नाही, ती डोकं-शेपूट जुळवून धनुष्यासारखी वाकते आणि टुणकन उडी मारते. डब्याच्या पत्र्यावर टक टक आवाज येतो. वाळूत शिरली की तांदळासारखा तपकिरी कोष, आणि साधारण दहा दिवसांनी माशी. नखाने मलमलीवर टिचकी मारली की सगळ्या वर येऊन बसतात, मग भिंगाने बघायचं.

बहुतेक डब्यांतून एकाच जातीच्या माश्या निघाल्या. काहींतून दोन जातींच्या. तिन्ही जाती एका पेरूतून निघाल्या असं एकदाही झालं नाही. झाड तेच, आठवडा तोच, तरी हा डबा हिचा आणि तो डबा तिचा.

हे असं का, हे मला जाणून घ्यायचं आहे. यावर अभ्यास असलेली, वेगळं काही पाहिलेली मंडळी इथे असतील तर लिहा. एक आधीच सांगतो: सापळ्यातल्या ढिगांवरून बागेतलं प्रमाण काढू नये. सापळ्यात फक्त नर येतात आणि प्रत्येक जातीची त्या वासाची ओढ सारखी नसते. म्हणून मी डब्यावर जास्त भरवसा ठेवतो.

परड्यातली_पेरां
१४ जून, रात्री १०.२५

राखणदारांनु, बरा लिवलास. आमच्या परड्यात पेराचा एकच झाड आसा. पावसात पेर पिकलो का आत किडे. माझी आवस म्हणता, मिरगाचे पेर पोरांका देव नको, थंडीतले दी. ह्या खरा काय?

बागेचा_राखणदार
१४ जून, रात्री १०.५०

खरा आसा. आवशीक माझो नमस्कार सांगा. मेअखेरपर्यंत आंब्यावर वाढलेली माशी पाऊस पडला की पेरूवर येते. माती ओली, त्यामुळे कोष सुकत नाहीत, आणि हवाही दमट. थंडीत माशीची वाढ मंदावते, म्हणून हिवाळी पेरू बरेच स्वच्छ मिळतात. आवशीने हे भिंगाशिवाय ओळखलं.

प्राणिशास्त्र_शिकवते
१५ जून, सकाळी ७.१५

दादा, वर्गात वाचून दाखवावा असा धागा आहे. तुमच्या डब्यांत जे दिसलं त्याचं एक फार सुंदर उत्तर आहे, ते मांडते.

तुम्हाला आठवतंय तो नियम गॉजचा. रशियन जीवशास्त्रज्ञ, १९३४ साली पॅरामेशियम या एकपेशी जिवाच्या दोन जाती त्याने एकाच नळीत वाढवल्या आणि एक संपली. पण नळी म्हणजे एकसंध पाणी, सगळं अन्न सगळ्यांना सारखं. फळमाशीचं अन्न तसं नसतं. ते तुकड्यातुकड्यांत असतं. प्रत्येक पेरू हे एक वेगळं बेट, आणि तेही आठवड्याभराचं. आज आहे, उद्या कुजलं.

१९८१ साली ॲटकिन्सन आणि शोरॉक्स या दोघांनी संगणकावर नेमकं हेच मांडून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांसमोर ड्रॉसोफिला होती, म्हणजे आपल्या ओट्यावर पिकल्या केळ्यांभोवती घोंगावतात ती चिलटं. (मराठीत दोघींनाही फळमाशी म्हणतात म्हणून घोळ होतो. ड्रॉसोफिला सडत्या फळावरच्या यीस्टवर जगते, तुमची माशी ताज्या फळाला भोक पाडते. कुळंच निराळी.) प्रश्न मात्र एकच होता: एकाच सडक्या फळावर इतक्या जाती कशा?

समजा झाडाखाली वीस पेरू आहेत. एक जात बलवान, एक दुबळी. एकाच पेरूत दोघींच्या अळ्या आल्या तर दुबळीच्या मरणार, हे ठरलेलं. बलवान माशीने वीसही पेरूंत सारखी अंडी घातली असती तर दुबळी एका हंगामात संपली असती. पण माशी सगळ्या पेरूंत सारखी अंडी घालत नाही. एका पेरूत पुंजकाच्या पुंजका, शेजारचा पेरू कोरा. त्यामुळे बलवान जातीच्या अळ्यांची गर्दी ठरावीक पेरूंत होते आणि तिथे त्या मुख्यतः आपसातच मरतात. जे पेरू तिच्या हातून सुटले, तिथे दुबळीचं पोट भरतं. दुबळीला चांगली लढवय्यी व्हायची गरजच पडत नाही, तिला फक्त रिकामा पेरू सापडला पाहिजे.

"हा डबा हिचा आणि तो डबा तिचा" हे तुमचं वाक्य म्हणजे हीच गोष्ट आहे. एका डब्यात एकच पेरू ठेवलात म्हणून ती दिसली. सगळे पेरू एका बादलीत टाकले असतेत तर तिन्ही जाती एकत्र निघाल्या असत्या आणि सगळ्या मिळून खातात असं वाटलं असतं.

गणिताचा_माणूस
१५ जून, सकाळी ११.०५

ताई, पटलं, पण एक शंका. राखणदारांच्या माश्यांना पिकत आलेलं, कुठेतरी टोचलेलं फळ जास्त आवडत असणार. मग तिन्ही जाती त्याच त्या पेरूंवर गर्दी करतील. पुंजके एकाच जागी पडले तर दुबळीला सुटका कुठली?

प्राणिशास्त्र_शिकवते
१५ जून, दुपारी १.३०

बरोबर नस पकडलीत. त्या मांडणीची अटच ती आहे की दोन जातींचे पुंजके एकमेकींपासून स्वतंत्र पडले पाहिजेत. दोघी त्याच फळांवर जमल्या तर दुबळीला वाचवणारी फट बुजते. आणि डोरसॅलिसच्या बाबतीत तुमची शंका रास्तच आहे, कारण तिची मादी दुसऱ्या माशीने आधी पाडलेल्या भोकातही अंडी घालते. साल टोचायची मेहनत वाचते ना.

म्हणजे नुसत्या पुंजक्यांवर भागत नाही. ऋतू, ऊन, उंची, फळाची जात, हे सगळं त्यात येतं. झोनाटा कोरडी, तापलेली हवा डोरसॅलिसपेक्षा चांगली सोसते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती इजिप्तमध्ये स्थिरावली, ते उगीच नाही.

नैरोबीकर
१५ जून, रात्री ८.४५

आमच्याकडे ही भाऊबंदकी नांदली नाही, ते सांगतो. अठरा वर्षं केनियात आहे, थोडी आंब्याची झाडं ठेवली आहेत.

इथल्या आंब्यावर मूळची माशी म्हणजे सेराटायटिस कोसायरा. पिवळसर, पंखांवर नक्षी. २००३ साली किनारपट्टीकडे एक नवीच माशी सापडली. ती इतकी झपाट्याने पसरली की २००५ मध्ये तिला नवी जात ठरवून नाव दिलं बॅक्ट्रोसेरा इन्व्हाडेन्स, म्हणजे चाल करून येणारी. नैरोबीतल्या इसिपे या कीटकसंशोधन संस्थेच्या लोकांनी आंब्याच्या बागांमध्ये मोजदाद ठेवली. चारेक वर्षांत आंब्यावरून कोसायरा मागे हटली आणि जिकडेतिकडे नवी माशी. २००९ मध्ये त्यांनी कारणंही मांडली. दोन्ही जातींच्या अळ्या एका आंब्यात वाढवल्या तर कोसायराच्या कमी जगतात. आणि फळावर दोन माद्या समोरासमोर आल्या तर नवी माशी कोसायराला अंगावर धावून हाकलते. म्हणजे अन्नाचीही लढाई आणि जागेचीही.

कोसायरा संपली का? नाही. मारुला नावाच्या रानटी झाडावर ती आजही टिकून आहे. आंबा सोडून रानात गेली, एवढंच.

मला चटका लावून गेलेली गोष्ट पुढची. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की इन्व्हाडेन्स ही वेगळी जातच नाही, ती डोरसॅलिसच आहे. म्हणजे राखणदारांच्या वर्तमानपत्रावरचा पहिला ढीग! मी देवगडहून आणलेल्या आंब्यांच्या आठवणी काढत इथे झाडं लावली, आणि माझ्या आंब्यात जी अळी निघते ती माझ्या आजोळच्या माशीची.

बागेचा_राखणदार
१५ जून, रात्री ९.३०

नैरोबीकर, अंगावर काटा आला. आमच्या परड्यात जी झोनाटा-करेक्टाबरोबर नांदते तीच तुमच्याकडे जाऊन घर बळकावते. मग फरक माशीत नाही, शेजाऱ्यांत आहे असं म्हणायचं का? इथल्या तिघी हजारो वर्षं एकमेकींना ओळखतात. कोसायराची तिच्याशी कधी गाठच पडली नव्हती.

प्राणिशास्त्र_शिकवते
१५ जून, रात्री १०.१०

अगदी तसंच. फार पूर्वी ज्या टिकणार नव्हत्या त्या इथून केव्हाच गेल्या असतील. आपण बघतो आहोत त्या उरलेल्या. एक मात्र जोडते: आजवर जिथे जिथे बॅक्ट्रोसेरा बाहेरून आली तिथे ती सेराटायटिसवर वरचढ ठरली, उलटं झाल्याचं उदाहरण नाही. ऑस्ट्रेलियातही भूमध्य फळमाशी, म्हणजे सेराटायटिस कॅपिटाटा, एकेकाळी सिडनीच्या बाजूला होती. तिथल्या क्वीन्सलँड फळमाशीपुढे ती हटली, आज फक्त पश्चिम ऑस्ट्रेलियात उरली आहे.

मोकाहून
१६ जून, दुपारी १२.२०

मी मॉरिशसमध्ये नोकरीला आहे. शेजारच्या रियुनियन बेटावर ही गोष्ट पायरीपायरीने घडली, तिथल्या संशोधकांनी ती छान नोंदवली आहे. बेटाची स्वतःची माशी सेराटायटिस कॅटोइरी. १९३९ मध्ये कॅपिटाटा आली, १९५५ मध्ये सेराटायटिसचीच रोझा नावाची जात, १९९१ मध्ये तुमची झोनाटा, आणि २०१७ मध्ये डोरसॅलिस. दर वेळी नवी आलेली आधीच्यांपेक्षा जोरकस. मूळची बिचारी कॅटोइरी दुर्मीळ झाली.

पण रियुनियन म्हणजे समुद्रातून उठलेला उंच डोंगर. खाली उकाडा, वर गारवा. झोनाटाने खालचा उष्ण पट्टा घेतला, रोझा थंडी सोसते म्हणून वर टिकली. (तिला आता क्विलिसी असं वेगळं नाव आहे.) डोंगर नसता तर यादी छोटी झाली असती.

मॉरिशसमध्ये १९९६ साली डोरसॅलिस सापडली होती. सापळे, आमिष, फळं गोळा करणं, सगळं लावून धरलं आणि ती वस्ती मुळासकट काढली. झोनाटा मात्र इथे आधीपासून आहे.

वाशी_मार्केट
१६ जून, दुपारी ४.००

सगळ्यांचं वाचलं. माहिती उत्तम आहे, पण मी व्यापाराच्या बाजूने बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. आम्हाला कुठली जात याच्याशी काही घेणंदेणं नाही. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने हापूससकट भारतीय आंबा बंद केला, सोबत चार भाज्या. कारण, मालात फळमाशी सापडली. त्या वर्षी परदेशी जाणाऱ्या मालाच्या पेट्या इथल्या बाजारात उतरल्या आणि भाव कोसळला, ते मी डोळ्यांनी पाहिलं. बंदी उठली जानेवारी २०१५ मध्ये. आता ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटं आंबा ठेवूनच युरोपला पाठवतात. त्या पाण्यात डोरसॅलिस असो की झोनाटा, सगळ्या मरतात. एका आंब्यात एक अळी निघाली की अख्खी खेप गेली. मग भिंग घेऊन बसण्याचा शेतकऱ्याला फायदा काय?

बागेचा_राखणदार
१६ जून, रात्री ९.१५

वाशीकर, २०१४ चं दुखणं आम्हीही भोगलं आहे. तुमच्या जागी तुमचं बरोबर आहे, गरम पाण्याला जात कळत नाही. पण माझं काम त्या पाण्याच्या आधीचं आहे. आंबा माझ्याकडून निघतानाच स्वच्छ असेल तर पुढचं सगळं सोपं.

तिथे जात कळून फायदा होतो. डोरसॅलिस आंब्यावर वाढते आणि पावसात पेरूवर जाते, म्हणजे माझा पावसाळी पेरू ही पुढच्या हंगामाच्या आंब्यावरच्या माशीची पेढी आहे. मी आंब्याचा हंगाम संपला की सापळे काढून ठेवायचो. तीच चूक. आता सापळे पेरूत हलवतो आणि गळलेला एकही पेरू जमिनीवर राहू देत नाही. झोनाटा आणि करेक्टा बारा महिने काय खातात हेही हळूहळू कळतंय, चिकू, बोर, पेरू. त्या आंब्याच्या मागे डोरसॅलिसएवढ्या हात धुऊन लागलेल्या मला दिसल्या नाहीत. तेव्हा जूनमध्ये पेरूखाली पडलेल्या फळाचं मोल माझ्या लेखी सापळ्यापेक्षा जास्त आहे.

आणि नुसत्या सापळ्यावर विसंबणाऱ्यांसाठी: सापळा नर मारतो. थोडे नर उरले तरी ते अनेक माद्यांना पुरतात. १९६३ मध्ये प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावर याच मिथाइल युजेनॉलने डोरसॅलिस संपवली खरी, पण ते छोटं बेट, आणि औषध सगळीकडे टाकलेलं. माझ्या कुंपणापलीकडे शेजाऱ्याची बाग आहे, तिथून रोज नर येतात. गावाने एकत्र लावले तरच सापळ्यांचा जोर दिसतो.

काकडीवाली_सरिता
१७ जून, सकाळी ८.३०

दादा, एक विचारते. मागल्या पावसात काकडीला फार माशी लागली. तालुक्याच्या एका दुकानात "फळमाशीचा सापळा द्या" म्हटलं, त्यांनी आंब्याचाच दिला. महिनाभर टांगला. माश्या भरपूर पडल्या, पण काकडी तशीच सडली. वाटलं, सापळ्यात काही दम नाही. आज तुमचं वाचून डोक्यात प्रकाश पडला. काकडीवरची वेगळी का?

बागेचा_राखणदार
१७ जून, सकाळी ९.१०

सरिताताई, वेगळीच. ती झ्युगोडॅकस कुकर्बिटी. अंगाने नारिंगी-तपकिरी, पाठीवर दोन नाही, तीन पिवळ्या रेघा, मधली ठसठशीत. काकडी, कारली, दोडकी, पडवळ, भोपळा हा तिचा संसार. मिथाइल युजेनॉलला ती हुंगत नाही. तिला क्यू ल्यूर लागतो. दुकानात जाऊन "क्यू ल्यूर, वेलवर्गीय भाज्यांसाठी" असंच नाव घेऊन मागा. तुमच्या सापळ्यात ज्या पडल्या त्या शेजारच्या आंबा-पेरूच्या. ही चुलत बहीण, ताटच वेगळं असल्यामुळे तिचं बाकीच्यांशी फारसं भांडणही नाही. किडकी काकडी मात्र वेलाखाली टाकू नका, तिथलाच कोष तिथेच उठतो.

जुन्या_गोष्टी
१७ जून, दुपारी ३.४०

मिथाइल युजेनॉलचा विषय निघालाच आहे तर त्याचा शोध आपल्या देशातला आहे, हे नोंदवतो. बिहारमधल्या पुसा इथे हाउलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांचा एक शेजारी डास लागू नयेत म्हणून रुमालाला सिट्रोनेलाचं तेल लावायचा, आणि त्या रुमालावर माश्यांची झुंबड उडायची. हाउलेटनी पाहिलं तर सगळ्या फळमाश्या, आणि सगळे नर. १९१२ मध्ये त्यांनी ते लिहिलं. पुढे तेलातला नेमका पदार्थ शोधत १९१५ मध्ये मिथाइल युजेनॉलपर्यंत पोचले. हाच पदार्थ आपल्या तुळशीतही असतो. ज्यांच्या अंगणात वृंदावन आहे त्यांनी सकाळी मंजिऱ्या निरखून बघाव्यात.

सफरचंदाच्या_गावात
१८ जून, पहाटे ४.५०

न्यूयॉर्क राज्यातून. इथे भावकी वेगळी कशी निघते त्याचं उदाहरण आहे. रॅगोलेटिस नावाची फळमाशी मूळची हॉथॉर्न या काटेरी झाडाच्या बोरांएवढ्या फळांवरची. युरोपीय वसाहतवाल्यांनी सफरचंद आणलं, आणि १८६० च्या दशकात हडसन खोऱ्यात तीच माशी सफरचंदावर दिसायला लागली. सफरचंद हॉथॉर्नच्या आधी पिकतं. माशी ज्या फळातून निघते त्याच फळावर जोडीदार शोधते. मग काय, एकीचं लग्नसराईचं वेळापत्रक दुसरीला जुळेना. वॉल्श यांनी त्याच दशकात म्हटलं होतं की इथे नवी जात तयार होते आहे, आणि एका शतकानंतर गाय बुश यांनी ते पुराव्याने पुढे नेलं. डोंगर नाही, नदी नाही, नुसतं पिकायचं वेळापत्रक. राखणदारांच्या तीन ढिगांमागेही कधीकाळी असंच काही घडलं असेल का, हा विचार मनातून जात नाही.

हिलो_ते_कुडाळ
१८ जून, रात्री ९.००

मी शिक्षणासाठी काही वर्षं हवाईत होते. तिथे भूमध्य फळमाशी १९१० मध्ये पोचली आणि सखल भागातली फळं तिने व्यापली. १९४० च्या दशकात डोरसॅलिस आली आणि जुनीला किनाऱ्यावरून उचलून डोंगरात पाठवलं. आज ती उंचावरच्या थंड भागात आणि कॉफीच्या बोंडांत जास्त सापडते. वर सगळ्यांनी जे लिहिलं तेच.

पण मला राखणदार दादांना वेगळं सांगायचं आहे. गळलेले पेरू तुम्ही पुरता ना? पुरल्याने माशी मरते, पण तिचे वैरीही मरतात. फोपियस अरिसॅनस नावाची एक बारीक गांधीलमाशी आहे, मूळची आपल्याच आशियातली. ती फळात घातलेल्या माशीच्या अंड्यात आपलं अंडं घालते. माशीची अळी वाढते, कोष करते, आणि कोषातून माशीऐवजी गांधील निघते. हवाईत ती आणून सोडली आणि डोरसॅलिसवर तिने खरोखर वचक बसवला.

तिथे शेतकऱ्यांना एक तंबू देतात, ऑगमेंटोरियम म्हणतात त्याला. सगळी किडकी फळं आत टाकायची. वरच्या खिडकीला अशी जाळी की माशी अडते, पण बारीक गांधील निसटून बागेत परत जाते. तुमच्या मलमलीच्या डब्याचाच मोठा भाऊ. मलमलीऐवजी योग्य भोकांची जाळी, एवढाच फरक.

बागेचा_राखणदार
१८ जून, रात्री ९.२०

ताई, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी दोन वर्षं दीड हात खड्डा खणून पुरतोय. माझ्या डब्यांतून माश्यांबरोबर कधीमधी बारीक काळपट काहीतरी निघायचं, शेपटीला केसासारखी लांब नळी. मी त्यांना चिलटं समजून सोडून दिलं होतं!

प्राणिशास्त्र_शिकवते
१८ जून, रात्री ९.४५

ती नळी म्हणजे अंडी घालायचा अवयव. दादा, आता एकही सोडू नका, सगळ्या मोजा. तिन्ही माश्यांना एकत्र ठेवणाऱ्या गोष्टींत हे वैरीही असतात. ज्या जातीची संख्या फुगते तिच्यावर त्यांना सहज शिकार मिळते, आणि तिचा जोर उतरला की दुसरीला जागा होते. कुठल्या जातीच्या कोषातून किती निघतात ते बघता आलं तर फार मोलाचं होईल.

बागेचा_राखणदार
१२ जुलै, रात्री १०.०५

मंडळी, उशिरा लिहितोय, लावणी चालू होती.

पेरूचे डबे पुन्हा लावले, आधीसारखाच एका पेरूला एक डबा, या वेळी डब्यावर तारखेची चिठ्ठीही. अळ्या वाळूत गेल्यावर प्रत्येक कोष वेगळ्या लहान बाटलीत काढला, तोंडाला कापूस. म्हणजे कुठून काय निघालं यात घोळ नको. भाची आता पुण्याला शिकते, तिने फोनवर सांगितलं तसं केलं.

बऱ्याच बाटल्यांतून माश्या निघाल्या. या खेपेला डोरसॅलिस जास्त, करेक्टा तिच्या खालोखाल, झोनाटा एकाच पेरूतून. काही बाटल्यांत मात्र कोषाचं टोपण कातरल्यासारखं उघडं आणि कापसाला चिकटून ती लांब नळीची गांधील. ती निघालेले सगळे कोष दोनच पेरूंतले आहेत. दोन्ही पेरू झाडाच्या सावलीच्या बाजूला गळलेले. उन्हाच्या बाजूच्या एकाही पेरूतून ती निघाली नाही. एवढ्याशावरून काही ठरवत नाही, पण सावलीकडचे आणि उन्हाकडचे डबे आता वेगळे ठेवणार आहे.

खड्डा बुजवला. जुनं प्लास्टिकचं पिंप आहे, त्याच्या झाकणाला चौकोन कापून जाळी बसवली. पहिली जाळी जाड निघाली, माश्याच बाहेर पडायला लागल्या, ती काढली. बाजारात तीन प्रकारच्या घेऊन आलो आणि बाटलीतली एक मेलेली गांधील आणि एक मेलेली माशी दोन्ही प्रत्येक भोकावर लावून पाहिली. मधली जाळी बरोबर बसते: गांधील जाते, माशीची छाती अडते.

पिंप पेरूच्या सावलीच्या बाजूला ठेवलं आहे. आज सकाळी त्यात दोन टोपल्या गळके पेरू टाकले.